उन्हातून आत आलं की डोळ्यांना एवढा वेळ का लागतो? वाचकांचे प्रश्न

या वेळी उजेड-अंधाराबद्दलचे प्रश्न बरेच आलेत आणि त्यातले बहुतेक एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून चार निवडून एकत्रच घेतेय. पहिलं उत्तर लांबलंय, पण पुढच्या तिन्हींची मुळं त्यातच आहेत.

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आमच्या जुन्या घरात माजघराला खिडकी नाही. मे महिन्यात भर दुपारी अंगणातून आत आलं की काहीच दिसत नाही, भिंत चाचपत जावं लागतं, आणि मग हळूहळू कोपऱ्यातली भांडीसुद्धा दिसायला लागतात. शाळेत शिकलो होतो की अंधारात बाहुली मोठी होते म्हणून दिसतं. पण बाहुली तर काही सेकंदात मोठी होते ना, मग बाकीचा वेळ कशात जातो? दुसरं म्हणजे रात्री घाटात समोरच्याने अप्पर मारला की तो निघून गेल्यावरसुद्धा थोडा वेळ रस्ताच दिसत नाही, हे तेच आहे का? माझं वय ६१, मुलगा म्हणतो त्याला एवढा त्रास होत नाही.
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : नमस्कार काका. तुमची शंका बरोबर आहे, बाहुलीचा वाटा अगदी थोडा असतो. तरुण माणसाची बाहुली साधारण २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते म्हणजे आत येणारा उजेड फार तर १६ पट वाढतो, आणि वय वाढलं की ती तेवढीही उघडत नाही. आता अंगणातलं ऊन आणि तुमचं माजघर यांच्या उजेडातला फरक बघा, तो सहज दहा हजार पटीचा किंवा त्याहून जास्त असतो. मग उरलेलं सगळं काम कुठे होतं, तर डोळ्याच्या मागच्या पडद्यात, रेटिनात, तिथल्या उजेड टिपणाऱ्या पेशींच्या आत.

या पेशी दोन प्रकारच्या. दंडाकार पेशी म्हणजे रॉड, या कमी उजेडासाठी, एका डोळ्यात साधारण दहा-बारा कोटी. आणि शंक्वाकार पेशी म्हणजे कोन, या भरपूर उजेडासाठी आणि रंगांसाठी, साधारण पन्नास-साठ लाख. रॉड किती संवेदनशील असते तर प्रकाशाचा एकच कण, एक फोटॉन, तिला जाणवतो. १९७९ मध्ये बेलर, लॅम्ब आणि याउ या तिघांनी भेकाच्या डोळ्यातली एकेक रॉड काचेच्या बारीक नळीत ओढून घेऊन एका फोटॉनला तिने दिलेलं उत्तर मोजून दाखवलं होतं.

आता ज्याने मी कॉलेजात असताना चकित झाले होते ती गोष्ट सांगते. आपल्याला वाटतं की अंधारात या पेशी गप्प बसतात आणि उजेड पडला की कामाला लागतात. खरं अगदी उलट आहे. अंधारात रॉडची दारं उघडी असतात, त्यातून सोडियम आणि कॅल्शियम सतत आत येत राहतं आणि पेशी पुढच्या पेशीला ग्लुटामेट नावाचं रसायन सतत सोडत राहते. उजेड पडला की ही दारं बंद होतात, पेशीचा विद्युतदाब साधारण उणे ४० मिलिव्होल्टवरून उणे ७० कडे घसरतो, ग्लुटामेट कमी होतं, आणि हे कमी होणं हाच मेंदूकडे जाणारा संदेश. म्हणून अंधारात डोळे मिटून बसलं की "रेटिनाला विश्रांती" मिळते असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, रॉड सगळ्यात जास्त प्राणवायू अंधारातच खर्च करतात कारण आत येणारं सोडियम सतत बाहेर फेकायचं असतं. पापण्यांना आणि डोळ्याच्या स्नायूंना आराम मिळतो तो वेगळा.

तर उजेड पडल्यावर दारं बंद होतात कशी? रॉडमध्ये रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याच्या पोटात रेटिनल नावाचा, व्हिटॅमिन ए पासून बनलेला एक वाकडा रेणू बसलेला असतो. फोटॉन आदळला की हा वाकडा रेणू सरळ होतो, तेही सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही कितीतरी आत. त्याने रोडॉप्सिनचा आकार बदलतो, ते ट्रान्सड्युसिन नावाची बरीच प्रथिनं एकामागून एक जागी करतं, ती पुढे एका एन्झाइमला मोकळं सोडतात, आणि ते एन्झाइम पेशीतलं सायक्लिक जीएमपी तोडत सुटतं. दारं उघडी धरून ठेवणारं रसायन म्हणजे हेच सायक्लिक जीएमपी, ते संपलं की दारं बंद.

इथपर्यंतचं बऱ्याच पुस्तकांत असतं. पण हे सगळं परत थांबवायचं कसं, हा मला जास्त महत्त्वाचा भाग वाटतो आणि नेमका तोच दोन ओळींत उरकला जातो. कारण थांबलंच नाही तर एका फोटॉननंतर ती पेशी अडकूनच पडेल, पुढचं काही दिसणारच नाही.

थांबवण्याचं काम एकाच वेळी चार ठिकाणी होतं. जागं झालेलं रोडॉप्सिन आधी गप्प करायचं असतं, त्यासाठी रोडॉप्सिन कायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेटचे गट चिकटवतं आणि मग अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याच्यावर येऊन बसतं, की ते आणखी कुणाला जागं करू शकत नाही. ट्रान्सड्युसिनला स्वतःला बंद व्हायला खरंतर वेळ लागतो, तर आरजीएस-९ नावाचं प्रथिन ते काम भराभर उरकायला लावतं. ट्रान्सड्युसिन बंद झालं की ते तोडणारं एन्झाइमही थांबतं. आणि शेवटी तुटलेलं सायक्लिक जीएमपी परत भरून काढायचं असतं, ते कधी भरायचं हे कॅल्शियम ठरवतं. म्हणजे दारं बंद झाल्याने कॅल्शियम आत येणं थांबलेलं असतं पण बाहेर फेकणं मात्र चालूच असतं, त्यामुळे पेशीतलं कॅल्शियम घसरतं आणि ती घसरण हीच नवीन सायक्लिक जीएमपी बनवणाऱ्या यंत्रणेला मिळालेली सूचना. म्हणजे उजेडाने जे बिघडवलं त्याच बिघाडातून दुरुस्तीची हाक जाते, बाहेरून कुणी सांगावं लागत नाही. याच कॅल्शियममुळे पेशी सततच्या उजेडाला जुळवूनही घेते.

हे सगळं रॉडमध्ये सेकंदाभरात आणि कोनमध्ये त्याहून बरंच लवकर होतं, म्हणून तर आपण क्रिकेटचा चेंडू बघू शकतो.

मग तुमच्या माजघरातल्या त्या मिनिटांचं काय? तो दुसराच प्रकार आहे. संदेश थांबला तरी सरळ झालेला रेटिनल आपोआप वाकडा होत नाही. उंदराचा सापळा एकदा सटकला की कुणीतरी तो परत ताणून लावावा लागतो, तसंच. आणि गंमत म्हणजे रॉड हे काम स्वतः करूच शकत नाही. सरळ रेटिनल तिथून बाहेर पडतो, व्हिटॅमिन ए च्या रूपात शेजारच्या काळसर थरात जातो, या थराला आम्ही आरपीई म्हणतो, तिथे आरपीई-६५ नावाचं एन्झाइम त्याला परत वाकडं करतं आणि मग तो परत रॉडमध्ये येऊन रिकाम्या रोडॉप्सिनमध्ये बसतो. भर उन्हात यातलं बरंच रोडॉप्सिन "सटकलेलं" असतं, आणि अर्धं परत तयार व्हायला पाचेक मिनिटं सहज लागतात. कोनचं काम यापेक्षा लवकर होतं, त्यांना रेटिनातल्या म्युलर पेशींकडूनही माल मिळतो. म्हणून आत आल्यावर आधी कोन सावरतात, पाच-दहा मिनिटांत त्यांची हद्द संपते, मग रॉड पुढे येतात आणि अर्धा-पाऊण तासापर्यंत नजर सुधारतच राहते.

शेजारच्या थराशिवाय हे होत नाही हे किती आधी कळलं होतं बघा. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल यांना रोममध्ये दिसलं की बेडकाची रेटिना ताजी असताना लालसर असते आणि उजेडात फिकट होते. पाठोपाठ हायडलबर्गला विल्हेल्म कूने यांनी दाखवलं की फिकट झालेली रेटिना त्या काळ्या थरावर परत ठेवली तर अंधारात तिचा रंग परत येतो, वेगळी काढून ठेवली तर येत नाही. ना एन्झाइम माहीत, ना व्हिटॅमिन हा शब्द जन्माला आलेला, तरीही. नंतर १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना रेटिनात व्हिटॅमिन ए सापडलं आणि या चक्राच्या कामासाठी १९६७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता घाटातला अप्पर. तो हेडलाइट डोळ्यावर दोन-तीन सेकंदच असतो, तेवढ्यात फार थोडं रोडॉप्सिन सटकतं. तिथे मुख्यतः पहिला प्रकार, म्हणजे संदेश थांबवणं आणि कॅल्शियमच्या हिशोबाने पेशीची संवेदनशीलता परत वर आणणं. म्हणून ते सेकंदांत सावरतं, मिनिटं लागत नाहीत. तुमच्या वयात वेळ जास्त लागतो याला दोन-तीन कारणं असू शकतात : भिंगात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उजेड आत पसरतो आणि सगळंच धूसर होतं, आणि वयानुसार आरपीई आणि त्याच्या मागच्या पडद्यातून व्हिटॅमिन ए ची ये-जा मंदावते. अंधारात सावरायला वाढत जाणारा उशीर हे मॅक्युलर डिजनरेशनचं, म्हणजे वयानुसार पडद्याचा मधला भाग झिजण्याच्या आजाराचं, खूप सुरुवातीचं लक्षणही असू शकतं, तक्त्यावरची अक्षरं नीट वाचता येत असतानासुद्धा. तर काका, चष्म्याचा नंबर काढून घरी येऊ नका, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, आणि डॉक्टरांना हे घाटाचं आवर्जून सांगा. तोपर्यंत समोरून अप्पर आला की वेग आधीच कमी करायचा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची, समोरच्या दिव्याकडे बघायचंच नाही.

प्रश्न : आम्ही मित्र अमावस्येच्या आसपास आकाशदर्शनाला जातो. ग्रुपमधले सिनिअर लोक सफेद टॉर्च लावू देत नाहीत, लाल कागद लावायला सांगतात. मोबाइलचा नाइट मोड लावला तर चालेल ना? आणि एक डोळा झाकून मोबाइल बघितला तर?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : सिनिअर लोकांचं ऐका. रॉडमधलं रोडॉप्सिन सगळ्यात जास्त साधारण ५०० नॅनोमीटरचा, म्हणजे निळसर-हिरवा प्रकाश पितं आणि गडद लाल त्याला जवळजवळ दिसतच नाही. कोनला मात्र लाल दिसतं. म्हणून मंद लाल उजेडात नकाशा वाचता येतो आणि अर्धा तास घालवून जमवलेलं रोडॉप्सिन शाबूत राहतं. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठाच्या वॉल्टर माइल्स यांनी याच कारणासाठी लाल गॉगल सुचवला होता, रात्री उड्डाण असलेले वैमानिक तो घालून उजेडाच्या खोलीत बसू शकायचे.

मोबाइलचा नाइट मोड पुरत नाही. तो पडदा पिवळसर-नारिंगी करतो, त्यात हिरवा उजेड भरपूर उरतो. ताऱ्यांच्या ॲपमध्ये पूर्ण लाल पडदा करायची सोय असते ती वापरा, आणि ब्राइटनेस अगदी तळाला न्या, कारण लालसुद्धा भगभगीत असला की नुकसान करतोच. एक डोळा झाकायची युक्ती मात्र खरी आहे, प्रत्येक डोळ्याची रेटिना स्वतःचं रोडॉप्सिन स्वतः सांभाळते, तर झाकलेला डोळा तयारच राहतो.

आणि देवयानी दीर्घिका बघताना थेट तिच्याकडे बघू नका, किंचित बाजूला बघा. नजरेच्या बरोबर मध्यावर रॉड नसतातच, तिथे फक्त कोन.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. संध्याकाळ झाली की खेळताना अडखळतो, अंगणातली चप्पल सापडत नाही. सासूबाई म्हणतात गाजर खाऊ घाल. शेजारणीने व्हिटॅमिन ए च्या गमीज आणून दिल्यात, देऊ का? त्याला अंगणवाडीत डोस दिला होता पण मधले चुकलेत.
— एक आई, अक्कलकुवा

उत्तर : ताई, गमीज आत्ता बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे किंवा सरकारी दवाखान्यात घेऊन जा. वर सांगितलेल्या चक्रातला मालच व्हिटॅमिन ए आहे, तो शरीरात कमी पडला की पहिला फटका रॉडला बसतो आणि संध्याकाळचं दिसेनासं होतं, यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. या पायरीवर उपचार केला तर नजर पूर्ण परत येते. पुढे गेलं तर पांढऱ्या बुबुळावर फेसासारखे डाग दिसतात, डोळा कोरडा पडतो आणि शेवटी काळं बुबुळच खराब होऊ शकतं, मग गेलेलं परत आणता येत नाही. म्हणून थांबू नका.

सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ लाख युनिटचा पहिला डोस आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट असे एकूण ९ डोस असतात. तुमच्याकडचं कार्ड घेऊन जा, कुठले चुकले ते त्यांना दिसेल, आणि लक्षणं असलेल्या मुलाला उपचाराचं वेळापत्रक वेगळं असतं ते डॉक्टरच ठरवतील. घरच्या घरी गमीज देऊ नका असं का म्हणतेय, तर हे व्हिटॅमिन यकृतात साठतं, जास्त झालं तर यकृताला आणि मेंदूभोवतीच्या दाबाला त्रास होतो, आणि मुलांना गमीज गोळ्या-चॉकलेटसारख्या वाटतात. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे अजिबात घेऊ नये, बाळात व्यंग येऊ शकतं.

सासूबाईंचं चुकीचं नाही. गाजर, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा, सोबत थोडं तेल-तूप कारण त्याशिवाय ते शोषलं जात नाही, आणि खात असाल तर अंडं, कलेजी. पण हे रोजच्या जेवणात राहू दे, आत्ताचा त्रास गाजराने भरून निघेल म्हणून वाट बघू नका.

आणखी एक, व्हिटॅमिन ए व्यवस्थित असूनही असा त्रास होतो अशी मुलं असतात. आरपीई-६५ चं जनुक बिघडलेलं असलं तर सापळा परत ताणणारंच कुणी नसतं आणि लहानपणापासून नजर जात राहते. याच्यावर रेटिनाखाली चांगलं जनुक सोडण्याची जीन थेरपी डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर जाहीर झाली होती, आपल्या घरांच्या आवाक्याच्या ती कितीतरी बाहेर आहे आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ओगुची नावाचा आजार आहे, जपानमध्ये १९०७ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला, त्यात अरेस्टिन किंवा रोडॉप्सिन कायनेज बिघडलेलं असतं. म्हणजे रंगद्रव्य तयार होतं पण गप्प होत नाही, रॉडला सावरायला काही तास लागतात, आणि अशा माणसाचा सोनेरी चमकणारा पडदा बराच वेळ अंधारात ठेवला की नेहमीसारखा दिसायला लागतो. आणि २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या काही रुग्णांत आरजीएस-९ बिघडलेलं सापडलं, त्यांना उजेड बदलला की काही सेकंद काहीच दिसायचं नाही आणि खेळताना चेंडू नजरेत ठेवता यायचा नाही. हे सगळं फार दुर्मिळ आहे, तुमच्या बाळाला यातलं काही असेल असं मला म्हणायचं नाही. पण डोस देऊनही संध्याकाळचं दिसणं सुधारलं नाही तर "अजून एक डोस" करत बसू नका, रेटिनाच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीत लेझरचा झोत डोळ्यावर आला, नंतर डाग दिसत होता, मित्र म्हणाले फोटोच्या फ्लॅशनंतर दिसतो तसाच आहे, जाईल आपोआप. दोन दिवस झाले, उजव्या डोळ्याने वाचताना मधली अक्षरं दिसत नाहीत. अजून किती दिवस थांबू? (पिंपल्सच्या गोळ्या चालू आहेत, त्याचा काही संबंध?)
— वय २२, कोल्हापूर

उत्तर : थांबू नकोस, हे वाचतोयस त्याच दिवशी रेटिना तज्ज्ञाकडे जा.

फ्लॅशनंतरचा डाग म्हणजे तेवढ्या जागेतलं रंगद्रव्य सटकलेलं असतं आणि तिथल्या पेशी थोडा वेळ कमी उत्तर देतात. तो डाग नजरेबरोबर फिरतो, रंग बदलतो आणि काही मिनिटांत विरतो. दोन दिवस टिकलेला आणि मधोमध बसलेला डाग तसा नसतो. लेझरचा झोत डोळ्याच्या भिंगाने पडद्यावर एका ठिपक्यात एकवटतो, तिथे भाजू शकतं, रक्तस्राव होऊ शकतो, मध्यभागी छिद्रसुद्धा पडू शकतं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी मिरवणुकांनंतर अशा केसेस बघितल्यात आणि काही शहरांत पोलिसांनी असल्या लाइटवर बंदीचे आदेशही काढलेत. तरी मंडळं लावतात, आणि ज्याच्या डोळ्यावर तो झोत येतो त्याला आपण काय गमावतोय हे त्या क्षणी कळतही नाही, याचा मला खूप संताप येतो.

वर जे सावरणं सांगितलं ते जिवंत पेशीचं. रॉड आणि कोन आपलं टोक रोज थोडं थोडं नवीन बनवतात, रॉडचं जुनं टोक आरपीई गिळतं आणि साधारण दहा दिवसांत सगळं टोक बदलून होतं. पण अख्खी पेशी मेली तर माणसाच्या डोळ्यात तिच्या जागी दुसरी जन्माला येत नाही. रक्तस्राव असेल तर त्यावर वेळेत उपाय करता येतात आणि बऱ्याच जणांची नजर चांगली सुधारते, म्हणून तर आज जा म्हणतेय. ओसीटी नावाचा स्कॅन करतील, सुई नाही, दुखत नाही, काही मिनिटांचं काम आहे.

पिंपल्सच्या गोळ्या म्हणजे आयसोट्रेटिनॉइन असेल तर तीही व्हिटॅमिन ए च्याच घराण्यातली आहे आणि आरपीईमधलं चक्र मंदावू शकते, त्यामुळे काहींना रात्रीचं कमी दिसतं. तुझा मधला डाग त्याने आलेला नाही, पण डॉक्टरांना गोळीचं नाव सांग, आणि रात्री गाडी चालवताना त्रास जाणवत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांनाही सांग. त्या गोळीबरोबर व्हिटॅमिन ए ची दुसरी कुठलीही गोळी घ्यायची नाही.